लाकूड आपले, जमीन दुसऱ्याची : महाड-पोलादपुरात घर हलवण्याचा इतिहास

१/
घर ही स्थावर मालमत्ता, असे आपण गृहीत धरतो. महाड आणि पोलादपूर तालुक्यांच्या इतिहासात ही समजूत अर्धीच खरी ठरते. येथे जमीन स्थावर होती; घर मात्र पुष्कळदा जंगम होते. ते उतरवता येई, खांद्यावरून नेता येई आणि पाचशे पावलांवर पुन्हा उभे करता येई. त्यासाठी कोणी धंदेवाईक घर हलवणारा लागत नसे. एक जाणता सुतार आणि वाडीतील माणसे पुरत. आजचा धागा या चालत्या घरांविषयी आणि त्यांच्या खालच्या न चालणाऱ्या जमिनीविषयी आहे.

२/
आधी शब्द पाहू, कारण मराठीने हा भेद फार पूर्वीच टिपला आहे. ‘बिऱ्हाड’ म्हणजे संसार. विंचू पाठीवर घेऊन हिंडतो तो. ‘घर’ म्हणजे खांब, कूड आणि छप्पर. ‘जोते’ म्हणजे त्याखालचा दगडी चौथरा. आणि ‘घरठाण’ म्हणजे हे सगळे ज्या भूमीवर उभे, ती जागा. बिऱ्हाड पाठीवर जाते, घर खांद्यावर जाते, जोते मागे राहते. घरठाण कोणाच्या नावे आहे, हा प्रश्न मात्र कागदात दडलेला असतो. पुढची सारी गोष्ट त्या कागदाची आहे.

३/
कोणत्याही आरंभाला आपण ‘मुहूर्तमेढ रोवली’ म्हणतो. मेढ म्हणजे छपराचा भार घेणारा खांब. भिंती नंतर, आधी मेढ. कोकणातील जुन्या घराचे सारे शास्त्र या क्रमात आहे. छपराचे ओझे लाकडी सांगाडा पेलतो. कूड केवळ आडोसा देतो. करवीच्या काठ्या उभ्या विणून त्यांवर शेणमातीचा गिलावा दिला की कूड झाला. तो पाडला तरी घर पडत नाही. म्हणूनच असे घर सुटे करता येते. भिंतींवर उभे असलेले घर सुटे करता येत नाही. ते फक्त पाडता येते.

४/
सांगाडाही सुटा होण्यासारखाच जोडलेला असे. खांबाच्या माथ्यावर तुळई, वर आढे, आढ्यावरून उतरणारे वासे, वाशांवर आडव्या रिपा आणि त्यांवर गवत किंवा कौले. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवून लाकडी खुंटी ठोकली की सांधा पक्का होई. खुंटी काढली की सांधा मोकळा. लोखंडी खिळा कमी, लाकूड शाबूत, म्हणून तेच लाकूड दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदाही उपयोगी पडे. ‘खाल्ल्या घरचे वासे मोजणे’ ही म्हण कृतघ्नतेवर आहे खरी. पण वासे ही मोजण्याजोगी संपत्ती होती, हेही ती सांगून जाते.

५/
हे कौशल्य लोकांकडे आले कोठून? उत्तर दरवर्षीच्या शाकारणीत आहे. सह्याद्रीच्या या उतारावर पाऊस इतका कोसळतो, की मृगापूर्वी प्रत्येक छप्पर उघडून पाहावेच लागे. गवत बदलायचे, कौले चाळायची, कुजलेला वासा काढून नवा घालायचा. म्हणजे प्रत्येक घर दरवर्षी थोडेसे सुटे होई आणि पुन्हा जुळे. घर हलवणे ही त्याच कामाची मोठी आवृत्ती होती. वरून खाली सगळे उतरवायचे आणि नव्या जागी खालून वर चढवायचे, एवढाच फरक.

६/
कामाचा काळही ठरलेला. भात झोडून झाले, शिमगा आटोपला, की पावसापर्यंतचे दोन-अडीच महिने मोकळे. आधी नव्या जागेवर जोते बांधून तयार ठेवायचे, कारण उतरवलेले लाकूड उघड्यावर फार दिवस राहू देणे परवडत नाही. मग जुन्या घराची कौले, रिपा, वासे, आढे, तुळया आणि सर्वांत शेवटी खांब. सुतार प्रत्येक लाकडावर खूण करी. उजवीकडचा वासा डावीकडे गेला, तर सांधा बसत नाही. हाताने घडवलेल्या लाकडात दोन वासे हुबेहूब कधीच नसतात.

७/
वजनाचा हिशेब करून पाहू. पंधरा सेंटिमीटर चौरस आणि तीन मीटर लांब असा सागाचा खांब साधारण ४५ किलो भरतो; ऐनाचा त्याहून जड. म्हणजे दोन माणसांचे ओझे. मंगळुरी कौलांचा कारखाना बासेल मिशनने मंगळुरात १८६५ मध्ये सुरू केला आणि पुढे ती कौले कोकणभर पोहोचली. असे एक कौल दोन ते अडीच किलोंचे, आणि एका चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात. साठ चौरस मीटरचे छप्पर म्हणजे ९०० कौले, सुमारे दोन टन. एका माणसाला हे अशक्य. पण तीस माणसांची रांग लावून हातोहात दिली, तर सकाळचे काम.

८/
ही तीस माणसे मजुरीवर येत नसत. त्याला सावड म्हणतात, देशावर इर्जिक. आज तुझे घर, उद्या माझे. ज्याचे काम, त्याने जेवण घालायचे. फिलिपिन्समध्ये ‘बायानिहान’ नावाची अशीच रीत प्रसिद्ध आहे. तेथे बांबूचे घर खाली बांबू घालून अख्खेच उचलतात आणि गावकरी ते खांद्यावरून नव्या जागी नेतात. आपले लाकडी घर तसे अखंड उचलण्याच्या आवाक्यातले नव्हे, म्हणून ते सुटे होऊन चाले. पण दोन्हीकडे भांडवल एकच : वेळेला धावून येणारे शेजारी.

९/
याहून हलकी घरे कातकऱ्यांची. खैरापासून काथ काढणारे म्हणून कातकरी. चार मेढी, करवीचा कूड, गवताचे किंवा पानांचे छप्पर. दिवाळीनंतर कुटुंबे कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर जात आणि पावसाच्या तोंडाशी परतत; आजही अनेक जातात. पोलादपूरच्या माथ्यावरील गवळी धनगरांच्या वस्त्याही म्हशींच्या चाऱ्यापाण्याशी बांधलेल्या. अशा घराला चालण्याची सवय असे. बाहेरचा माणूस मात्र तीच सवय पाहून ‘यांना जागेची गरजच काय?’ असा निष्कर्ष काढी. त्या निष्कर्षाची किंमत किती पडली, ते पुढे येईल.

१०/
लाकूड जाते आणि जोते उरते, याचा सर्वांत मोठा पुरावा महाड तालुक्यातच आहे. मे १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने रायगडावर तोफांचा मारा केला. आग लागली आणि वाड्यांचे लाकूडकाम जळून गेले. आज राजवाडा म्हणून आपण पाहतो ती जोती आहेत. बाजारपेठ म्हणून पाहतो तीही जोतीच. राजधानीची घरेसुद्धा रचनेच्या बाबतीत खालच्या वाडीतील घरांच्या कुळातली होती : दगड जमिनीचा, लाकूड माणसाचे. येथे लाकूड माणसांनी नेले नाही, आगीने नेले, इतकेच.

११/
एकोणिसाव्या शतकात लाकडाचे मोल आणखी वाढले. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलांतील तोडीवर निर्बंध आले. ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड, हे नाव १९८१ चे) जिल्ह्यांत राबासाठी लागणाऱ्या फांद्यांवरून आणि लाकूडफाट्यावरून इतका असंतोष झाला, की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. नवा वासा मिळणे अवघड झाले की जुना वासा जपला जातो. जुने घर मोडून तेच लाकूड नव्या जागी उभे करणे हा यापुढे निव्वळ हिशेबीपणा होता.

१२/
आता मुख्य प्रश्न. माणसे घर का हलवत? भावांची वाटणी, सावित्रीचा पूर, आटलेली विहीर, खचणारी दरड, ही कारणे होतीच. पण एक कारण असे, की त्यात हलवणाऱ्याची इच्छा विचारलीच जात नसे : जमीनमालकाने ‘ऊठ’ म्हणणे. दक्षिण कुलाब्यात खोतीचे प्राबल्य होते. गावाचा वसूल खोताच्या हाती, कूळ त्याच्या जमिनीवर कसणारे, आणि कुळाचे घरही अनेकदा त्याच्याच जमिनीवर. घर कुळाने स्वतःच्या खर्चाने आणि कष्टाने बांधलेले, घरठाण खोताचे.

१३/
अशा घराचा मालक कोण? इंग्लंडच्या जुन्या न्यायानुसार जमिनीला जे चिकटले ते जमीनमालकाचे. १८६६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने निवाडा दिला, की या देशाची रूढी तशी नाही. प्रामाणिक हक्काने दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधणाऱ्याचे घर केवळ जमिनीला जोडले गेल्याने जमीनमालकाचे होत नाही. त्याने जमीन पूर्ववत करून साहित्य न्यावे. किंवा मालकाला ते घर ठेवायचे असेल, तर मालकाने किंमत द्यावी. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानेही पट्टेदाराला आपण जमिनीला जोडलेल्या वस्तू काढून नेण्याची मुभा दिली. हे कलम शेतीच्या पट्ट्यांना थेट लागू नव्हते. पण त्यामागची कल्पना या देशाच्या रूढीतूनच आलेली होती.

१४/
वरवर पाहता हा न्याय उदार वाटतो, आणि काही अंशी तो उदार होताच. पण त्याची दुसरी बाजू पाहा. ‘लाकूड तुझे आहे, घेऊन जा’ या वाक्यात ‘जा’ हे क्रियापद आहे. साहित्य नेण्याचा हक्क म्हणजे राहण्याचा हक्क नव्हे. घर जितके सहज सुटे होते, तितके त्यातील माणसाला उठवणे सोपे. ज्या रचनेने कुळाला त्याची पुंजी वाचवता येत होती, तिनेच मालकाचे कामही हलके केले होते.

१५/
महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहाकडे या अंगानेही पाहायला हवे. २० मार्च रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर मारहाण झाली आणि गावोगाव बहिष्काराचे अस्त्र निघाले. स्टार्ट समितीने, जिचे आंबेडकर सदस्य होते, १९३० च्या अहवालात या अस्त्राचे मर्म नोंदवले : जो दुसऱ्याची जमीन कसतो, त्याला जमिनीवरून काढण्याची धमकी पुरते. पायाखालची भूमी परक्याची असेल, तर तळ्यावर जाण्याचा हक्क कागदावर मिळूनही पाऊल उचलणे महाग पडते.

१६/
म्हणून पाण्याच्या लढ्यापाठोपाठ जमिनीचा लढा आला, हा योगायोग नव्हता. १७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले; त्यात कुणबी आणि महार कुळे एकत्र होती. तिकडे अलिबागजवळच्या चरी गावचा संप १९३३ पासून नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चालूच होता. खोती कायद्याने संपायला मात्र १९४९ साल उजाडावे लागले.

१७/
घरठाणाचा प्रश्न थेट हाताळला तो १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट कायद्याने. त्यातील कलम १६ सांगते : मालकाच्या जागेवर कुळाने स्वखर्चाने घर बांधले असेल, तर कायद्यात दिलेली कारणे मालकाने सिद्ध केल्याखेरीज कुळाला त्या घरातून काढता येणार नाही, आणि ‘घर’ म्हणताना त्यात साहित्याबरोबर जागा व लगतची आवश्यक जमीनही आली. कलम १७ नुसार ती जागा विकायची झाल्यास पहिला मान कुळाचा. कलम १८ ने हेच संरक्षण शेतमजूर आणि कारागीर यांना दिले. जुन्या न्यायाने लाकूड आणि जमीन यांची ताटातूट केली होती. या कलमाने त्यांना पुन्हा एकत्र बांधले. माझ्या मते कोकणातील घराच्या इतिहासातील ही सर्वांत महत्त्वाची ओळ आहे.

१८/
पण कायद्याचा लाभ घ्यायला नोंद लागते. घरपट्टीची पावती एकाच्या नावे आणि सातबारा दुसऱ्याच्या नावे, अशी घरे रायगड जिल्ह्यात आजही थोडी नाहीत. कातकऱ्यांची स्थिती सर्वांत नाजूक. केंद्र शासनाने ज्यांना विशेष असुरक्षित आदिवासी गट मानले, त्यांपैकी महाराष्ट्रातील तीन म्हणजे कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी. त्यांच्या अनेक वाड्या खासगी जमिनींवर आहेत आणि त्यांना गावठाणाचा दर्जा नाही. जमिनीचे भाव वाढले की कुंपण येते. ‘हे तर फिरस्ते’ हा जुना शेरा अशा वेळी पुरावा म्हणून पुढे केला जातो.

१९/
ही गाठ केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेत कारखान्यात बनलेली, चाकांवर आणलेली ‘मोबाइल होम’ नावाची घरे असतात. १५ जून १९७६ पासून त्यांना देशव्यापी बांधकाम नियम लागू झाले. त्याआधीची ती जुनी मोबाइल होम. नाव ‘मोबाइल’, पण बहुतेक घरे एकदा बसली की पुन्हा हलत नाहीत. कित्येक रहिवासी घराचे मालक आणि खालच्या जागेचे भाडेकरू असतात. भाडे वाढले तर जुने घर जॅक लावून, ट्रॅक्टरने ओढून न्यायचे कोठे? थोडे अंतर हलवण्याचे तंत्र असते. रिकामी, परवडणारी जागा नसते. खोताच्या कुळाला हे दुखणे समजावून सांगावे लागले नसते.

२०/
विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या घरांचा पिंड बदलला. मुंबईतून येणाऱ्या मनीऑर्डरींवर विटा-सिमेंटच्या भिंती उठल्या, पुढे स्लॅब आले. आगीपासून आणि वाळवीपासून सुटका झाली, प्रतिष्ठाही मिळाली. हा बदल कोणी कमी लेखू नये. पण असे घर हलत नाही. शिवाय ज्यांनी खांदा द्यायचा, ते तरुण मुंबई, ठाणे आणि सुरतेकडे गेलेले. शाकारणी थांबली आणि तिच्याबरोबर घर सुटे करण्याची विद्याही विरत गेली. इतिहासात प्रथमच महाड-पोलादपूरचे घर पूर्णतः स्थावर झाले.

२१/
आणि नेमकी तेव्हा खालची भूमी चालू लागली. २५ आणि २६ जुलै २००५ च्या पावसात महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहण आणि कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. दीडशेहून अधिक माणसे गेली. मुरलेल्या पाण्याने जड झालेली माती खालच्या काळ्या पाषाणावरून सरकते आणि वाटेतील वाडी घेऊन जाते. त्यानंतर जे वाचले त्यांचे काय? दासगावच्या दरडग्रस्त कुटुंबांना पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमध्ये आसरा मिळाला. तो ‘तात्पुरता’ काळ अनेक वर्षे चालला, कारण कायमच्या घरांसाठी जागेचा प्रश्न सुटत नव्हता.

२२/
२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावची कोंडाळकरवाडी दरडीखाली गेली. ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. तळियेचे पुनर्वसन म्हाडाकडे सोपवले गेले. नवी जागा मिळवून तेथे घरे उभी राहीपर्यंत वाचलेली कुटुंबे कंटेनरमध्ये राहिली. लोखंडी पेटीला दार, खिडकी आणि पंखा. उन्हात ती तापते, पावसात ती वाजते.

२३/
कंटेनर हे आजच्या जगातील सर्वाधिक हलणारे घर. जहाजावर चढते, ट्रेलरवर बसते, हजारो मैल जाते. तळियेत मात्र ते जागच्या जागी राहिले आणि माणसे त्यात वाट पाहत राहिली. ज्या तालुक्यात एकेकाळी सुतार आणि तीस शेजारी एका हंगामात घर नव्या जोत्यावर चढवत, तेथे यंत्रे, निधी आणि शासनाची इच्छा असूनही महिन्यांची वर्षे झाली. घर बांधणे कधीच कठीण नव्हते. कठीण होते ते सुरक्षित, नावावर असलेले घरठाण मिळणे; १९३७ मध्येही आणि २०२१ मध्येही.

२४/
यातून एक व्यावहारिक धडा निघतो. डोंगराच्या पायथ्याच्या वाड्यांना ‘पावसाळ्यात स्थलांतर करा’ अशी नोटीस दरवर्षी येते. ती वाचणारा माणूस विचारतो : कोठे? त्याचे घर जुन्या घरासारखे सुटे होत नाही, आणि दुसरीकडे त्याच्या नावे भुईचा तुकडा नाही. नोटिशीआधी जागा हवी. दरड कोसळल्यावर घरांची संख्या मोजण्यापेक्षा, कोसळण्यापूर्वी गावठाणाची हद्द वाढवून ती जमीन लोकांच्या नावे करणे हे अधिक स्वस्त आणि अधिक माणुसकीचे काम आहे. बांधण्याची कला लोकांकडे पिढ्यान् पिढ्या होती. उणी होती ती जमीन.

२५/
महाड-पोलादपूरकडील वाचकांना एक विनंती. गावी गेलात की रानात, बांधावर एखादे रिकामे जोते दिसेल. ते कोणाचे होते, घर तेथून कोठे गेले आणि का गेले, हे घरातील थोरांना विचारा. जमल्यास आपल्या घरातील जुन्या तुळईवर सुताराच्या खुणा आहेत का, तेही पाहा. त्या असतील, तर ते लाकूड बहुधा तुमच्या आजच्या जागेहून जुने आहे. अशा आठवणी खाली लिहा. या घरांचा इतिहास दप्तरात फारसा नाही; तो वाशांवर आणि माणसांच्या तोंडी आहे.